अतिसंवाहक तारेला भट्टी नेमकी केव्हा दाखवायची?

तांबेतार, जळगाव

नमस्कार. मी गेली बावीस वर्षे जळगावच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींच्या वाइंडिंगसाठी लागणारी तांब्याची तार ओढण्याच्या कामात आहे. आमच्याकडे 8 मिलिमीटर जाडीची सळई येते, ती एकामागून एक डायमधून ओढून हव्या त्या जाडीपर्यंत आणली जाते, आणि ओढताना कडक झालेली तार भट्टीत तापवून नरम केल्यावरच तिच्यावर इनॅमल चढते. आमच्या धंद्यात भट्टी हे कडकपणा घालवण्याचे साधन आहे आणि तिची जागा ओढकामाच्या शेवटी आहे. याखेरीज तिचा दुसरा काही उपयोग असेल असे मला कधी वाटलेच नव्हते.

माझा भाचा गुजरातमध्ये अतिसंवाहक, म्हणजे अतिथंडीत वीज विनारोध वाहून नेणाऱ्या तारांच्या चुंबकांशी संबंधित प्रशिक्षण घेत आहे. दिवाळीला तो घरी आला असताना त्याने दोन गोष्टी सांगितल्या आणि तेव्हापासून त्या माझ्या डोक्यात घोळत आहेत. पहिली अशी, की नायोबियम-टायटॅनियमची तार कित्येक तास भट्टीत ठेवून बाहेर काढल्यावर पुन्हा पुष्कळ ओढतात आणि त्यानंतर ती कडक अवस्थेतच वापरतात. दुसरी अशी, की नायोबियम आणि कथील यांच्या तारेचे आधी संपूर्ण वेटोळे गुंडाळतात, आणि मग ते वेटोळे साच्यासकट कित्येक दिवस भट्टीत ठेवतात. एका तारेत भट्टी आमच्यापेक्षा आधी आणि दुसरीत आमच्यापेक्षाही नंतर, हे कसे? दोन्हींत उष्णता नेमके काय घडवते?

आणखी एक शंका आहे, ती कामातल्या अनुभवातून आलेली. आमच्याकडे भट्टीत ठेवलेल्या जाड बंडलाचे बाहेरचे वेढे नरम आणि आतले कडक निघण्याचा प्रकार अधूनमधून घडतो. बंडल वाया गेले तर आम्ही ते पुन्हा भट्टीत घालतो. कित्येक मीटर लांबीचे वेटोळे एकदाच भट्टीत जात असेल, तर त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या वेढ्यांना सारखीच उष्णता मिळाली याची खात्री कशी करतात?

शीतमापन, मूळ धुळे

भाऊ, आपला प्रश्न फार नेमका आहे. पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात हाच क्रम मला समजायला बरेच महिने लागले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तांब्याच्या तारेत भट्टी ओढकामाच्या खुणा पुसते. ओढताना धातूच्या कणांत जो ताण आणि जी गुंतागुंत साचते, ती उष्णतेने मोकळी होते. अतिसंवाहक तारेत भट्टी तारेच्या पोटात एक नवी रचना उभी करते, आणि ती रचना नंतर ओढकाम सोसू शकते की नाही, यावर भट्टीची जागा ठरते. नायोबियम-टायटॅनियममधली रचना ओढकाम सोसते, इतकेच नव्हे तर तिला त्याची गरज असते. नायोबियम-कथिलातली रचना काचेसारखी ठिसूळ असल्यामुळे ती ओढकाम मुळीच सोसत नाही.

आधी ही रचना लागते कशासाठी, ते सांगते. अतिथंडीत वीज विनारोध वाहणे हा काही धातूंचा अंगभूत गुण आहे. हाइके कामरलिंग ओनेस यांनी 1911 साली लायडेन येथे पाऱ्यात तो पाहिला, तेव्हा त्यासाठी कोणतीही भट्टी लागली नव्हती. परंतु प्रबळ चुंबकीय क्षेत्रात खूप मोठा प्रवाह वाहून नेणे ही वेगळी गोष्ट आहे. अशा क्षेत्रात चुंबकत्व तारेच्या आत अतिशय बारीक, समांतर दोऱ्यांच्या रूपाने शिरते. 5 टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्रात या दोऱ्यांमधले अंतर सुमारे 22 नॅनोमीटर असते. तारेतून प्रवाह सुरू झाला की तो या दोऱ्यांना बाजूला ढकलतो, दोरे सरकले की उष्णता निर्माण होते, आणि निरपेक्ष 4 अंशांच्या (उणे 269 अंश सेल्सियसच्या) आसपासच्या थंडीत एवढीशी उष्णतासुद्धा तारेची अतिसंवाहकता घालवायला पुरेशी ठरते. म्हणून हे दोरे जागच्या जागी जखडून ठेवणारे अडथळे तारेच्या आत असावे लागतात. अगदी शुद्ध, निर्दोष, नरम धातूत असे अडथळे नसतात. तांब्यात जो दोष आपण भट्टीत घालवता, त्याच जातीचा दोष येथे मुद्दाम आणि मोजूनमापून पेरावा लागतो.

नायोबियम-टायटॅनियमच्या रूढ मिश्रधातूत वजनाने सुमारे 47 टक्के टायटॅनियम असते. तो निरपेक्ष 9 अंशांच्या किंचित वर अतिसंवाहक होतो आणि तांब्याइतकाच निमूटपणे डायमधून जातो. तो आधी भरपूर ओढतात, मग 375 ते 420 अंश सेल्सियसला 40 ते 80 तास ठेवतात. या तापमानाला मिश्रधातूतून टायटॅनियमचे बारीक कण वेगळे होतात आणि ते मुख्यतः स्फटिककणांच्या सीमांवर जमतात. आधीचे ओढकाम कमी पडले तर सीमाच पुरेशा नसतात आणि कण भलत्या ठिकाणी, भलत्या आकारात येतात. त्यामुळे भट्टीच्या आधी काय केले, हेही भट्टीइतकेच महत्त्वाचे ठरते. थोडे ओढायचे, पुन्हा भट्टी, पुन्हा ओढायचे, पुन्हा भट्टी, असे साधारणपणे तीन वेळा केल्यावर आकारमानाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतके कण तयार होतात. मात्र हे कण शंभर-दोनशे नॅनोमीटर जाडीचे असतात, म्हणजे त्या चुंबकीय दोऱ्यांच्या मानाने फार जाड आणि एकमेकांपासून फार दूर.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येते. शेवटच्या भट्टीनंतर तारेचा छेद सुमारे दीडशे पट कमी होईपर्यंत ती ओढतात, म्हणजे जाडी साधारण बारा पट कमी होते. या ओढीत ते कण चेपले जाऊन 1 ते 4 नॅनोमीटर जाडीच्या, चिरोट्याच्या पदरांप्रमाणे दुमडलेल्या पट्ट्या होतात आणि इतक्या जवळजवळ येतात की प्रत्येक चुंबकीय दोरा त्यांत अडकून राहतो. तेव्हा या तारेचा वाहकपणा भट्टीत पेरला जातो आणि डायमध्ये पक्का होतो. अशी तयार तार आपल्या पद्धतीने पुन्हा चारशे-साडेचारशे अंशांवर नेली, तर त्या पट्ट्या पुन्हा एकत्र येऊन जाड होतील आणि तारेची प्रवाहक्षमता झपाट्याने घसरेल. तारेभोवतीचे तांबे थोडे नरम करायचे असेल तर फार तर दोनशे-अडीचशे अंशांपर्यंत जातात.

एक बाब येथे सांगायलाच हवी, कारण तारकाम करणाऱ्याला ती लगेच पटेल. ही तार म्हणजे तांब्यात रोवलेल्या मिश्रधातूच्या सळया ओढून झालेले असंख्य बारीक तंतू. त्या भट्टीच्या तापमानाला टायटॅनियम आणि तांबे एकमेकांशी संयोग पावून कठीण खडे तयार करतात. हे खडे ओढले जात नाहीत. भोवतालचा तंतू मात्र ताणला जातो, त्यामुळे तो कुठे फुगीर, कुठे बारीक होतो आणि शेवटी तुटतो. म्हणून प्रत्येक सळईभोवती शुद्ध नायोबियमचा पातळ पत्रा गुंडाळूनच ती तांब्याच्या नळीत घालतात.

नायोबियम-कथिलाची गोष्ट वेगळी आहे. तीन भाग नायोबियमच्या अणूंना एक भाग कथिलाचा, असे ते ठरावीक संयुग आहे. ते निरपेक्ष 18 अंशांना अतिसंवाहक होते हे 1954 मध्ये कळले, आणि 8.8 टेस्ला क्षेत्रातही ते प्रचंड प्रवाह वाहून नेते हे 1961 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत दिसले. नायोबियम-टायटॅनियमचा उपयोग साधारण आठ-नऊ टेस्लाला थांबतो. त्यापुढे जायचे तर हेच संयुग हाती घ्यावे लागते. परंतु ते तयार झाल्यावर वाकवले की त्याला तडे जातात. म्हणून ते तयार होण्याआधीच सगळे ओढकाम, पीळ आणि गुंडाळणी उरकावी लागते. नायोबियमचे तंतू, तांबे आणि कथील वेगवेगळे असेपर्यंत तार लवचीक असते, आणि तिघांची गाठ भट्टीत पडली की आतल्या आत संयुग तयार होते. आपल्या रावेर-सावद्याची केळी हिरवी असतानाच गाडीत भरतात आणि मुक्कामाला पोहोचल्यावर पिकवतात, कारण पिकलेले केळे तो प्रवास सोसत नाही. येथेही तोच हिशोब आहे.

कथील तारेत आणायचे कसे, यावरच कारखान्यांच्या पद्धती बदलतात. एका पद्धतीत तांबे आणि कथील यांचे कासे करून त्यात नायोबियमच्या सळया रोवतात. तांबे आपल्या अंगात वजनाने सुमारे 15.8 टक्क्यांपर्यंतच कथील विरघळवून घेऊ शकते. त्यापलीकडे कठीण, ठिसूळ घटक तयार होतात. आपल्या घरातली काशाची वाटी सुमारे 22 टक्के कथिलाची असते, आणि म्हणूनच कासार ती तापवून ठोकतो, थंड ठोकत नाही. तारेसाठीचे कासे थंडच ओढायचे असल्याने ते या मर्यादेच्या आत ठेवावे लागते, आणि तेही इतके लवकर कडक होते की छेद जवळजवळ निम्मा झाला की ते तापवून नरम करावे लागते. ही मात्र अगदी आपल्या ओळखीची भट्टी आहे. दुसऱ्या पद्धतीत शुद्ध कथिलाचा गाभा तारेच्या आतच, तांब्याच्या वेढ्यात ठेवतात. त्यात कथील हवे तेवढे घालता येते, मधल्या भट्ट्या वाचतात आणि तार अधिक प्रवाह देते. पण शेवटच्या भट्टीतली सगळी जोखीम या दुसऱ्या पद्धतीत आहे.

या संयुगात चुंबकीय दोरे जखडण्याचे काम स्फटिककणांच्या सीमा करतात. कण शंभर-दोनशे नॅनोमीटरचे राहिले तर सीमा भरपूर मिळतात. भट्टी फार तापली की कण वाढतात आणि सीमा कमी होतात. भट्टी कमी तापली तर कथील नायोबियमच्या तंतूंत पुरते पोहोचत नाही, संयुगात कथिलाचा वाटा कमी पडतो आणि उच्च क्षेत्रातली क्षमता जाते. या ओढाताणीतून 650 अंशांच्या आसपासचे तापमान रूढ झाले आहे. प्रत्यक्ष भट्टीवर उभे राहून काम केलेले कोणी येथे असतील, तर आतल्या-बाहेरच्या वेढ्यांच्या शंकेवर त्यांनी लिहावे.

भट्टीजवळ, भुसावळ

मी भुसावळचा आहे. नोकरीचा बराच काळ महाराष्ट्राबाहेर एका प्रयोगशाळेच्या उष्मोपचार विभागात गेला आणि आता निवृत्त आहे. ताईंनी तारेच्या आतली बाजू सांगितली, मी भट्टीची सांगतो.

आत कथिलाचा गाभा असलेली तार थेट 650 अंशांवर नेली तर ती हातची जाते. कथील 232 अंशांना वितळते आणि वितळलेले कथील मिळेल त्या वाटेने बाहेर पडते. म्हणून पहिली पायरी 210 अंशांची असते, कथील घन असतानाच ते हळूहळू तांब्यात मुरावे यासाठी. मुरताना तांबे-कथिलाचे जे पहिले संयुग होते, ते 415 अंशांच्या आसपास फुटून पुन्हा द्रव सोडते. म्हणून दुसरी पायरी त्याच्या खाली, 400 अंशांवर ठेवण्याची रीत आहे. युरोपातल्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या मोठ्या कण-प्रवेगकाच्या सुधारणेसाठी जे नवे चुंबक बनवले, त्यांच्या एका जातीच्या तारेचे वेळापत्रक 210 अंशांना 48 तास, 400 अंशांना 48 तास आणि 665 अंशांना 50 तास असे आहे. फ्रान्समधल्या ईटर या अणुसंमीलन प्रकल्पाच्या तारेसाठी 210, 340, 450, 575 आणि 650 अशा पाच पायऱ्या वापरल्या गेल्या, आणि दोन पायऱ्यांमधली चढण ताशी अवघी 5 अंश होती. एक वेटोळे भट्टीत गेले की ते आठवड्यांच्या हिशोबाने बाहेर येते.

आपला आतल्या-बाहेरच्या वेढ्यांचा प्रश्न या ताशी पाच अंशांत आहे. बंडलात एका वेढ्याचा दुसऱ्याला स्पर्श अगदी थोड्या जागी होतो, मध्ये वायू असतो किंवा निर्वात असल्यास काहीच नसते, त्यामुळे उष्णता आत जायला वेळ लागतो. चढण जितकी घाईची, तितका आत-बाहेर फरक मोठा. आपल्या तांब्यात या फरकाने काही वेढे कडक राहतात आणि पुन्हा भट्टी देऊन ते सुधारता येतात. येथे मात्र बाहेरच्या वेढ्यात कथील वितळण्याच्या बेताला आलेले असते तेव्हा आतला वेढा कुठेतरी मागे असतो, आणि झालेले परत फिरवता येत नाही. म्हणून भट्टीच्या भिंतीवरच्या तापमानावर कोणीही विसंबत नाही. वेटोळ्याच्या आत, मध्ये, वर आणि खाली, साच्याला चिकटवून तापयुग्मे (थर्मोकपल) बसवतात आणि सर्वांत थंड ठिकाण पायरीवर पोहोचल्यावरच तास मोजायला सुरुवात करतात. त्याच तारेचे छोटे नमुने वेटोळ्याशेजारी ठेवलेले असतात. वेटोळे कापून पाहता येत नाही, पण त्याच भट्टीतून निघालेला नमुना द्रव हेलियममध्ये, 12 टेस्ला क्षेत्रात तपासता येतो.

एक प्रसंग लिहितो, कारण त्यातून मी जेवढे शिकलो तेवढे पुस्तकातून शिकलो नसतो. सुदैवाने तो मोठ्या वेटोळ्याचा नव्हता, नमुन्यांचाच होता. पहिली पायरी चालू असताना रात्री वीज गेली आणि वीस-पंचवीस मिनिटांनी परत आली. तापनियंत्रकाने पायरीचा राहिलेला वेळ पुढे चालू ठेवण्याऐवजी कार्यक्रमातल्या शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली आणि भट्टी पूर्ण जोराने 650 कडे निघाली. पहाटे पाळीवरच्या सहकाऱ्याच्या लक्षात आले तोवर पाचशे अंश पार झाले होते. थंड झाल्यावर भट्टी उघडली, तर प्रत्येक नमुन्याच्या टोकाला चकचकीत कथिलाचे मणी लटकत होते आणि दोन तारांचे पोट मध्येच फुटले होते. त्या नियंत्रकाची ती मांडणी आम्ही कधीच तपासून पाहिली नव्हती आणि चूक आमचीच होती. त्यानंतर प्रत्येक नव्या कार्यक्रमात रिकाम्या भट्टीवर मुद्दाम वीज बंद करून ती परत आल्यावर काय होते हे आधी पाहायचे, असा नियम मी स्वतः लिहून भट्टीवर लावला.

तांब्याबद्दलही सांगतो, आपला तो विषय आहे. तारेतल्या तंतूंभोवतीचे तांबे शोभेचे नसते. तार एखाद्या जागी क्षणभर अतिसंवाहकता गमावते तेव्हा सगळा प्रवाह त्या तांब्यातून वळतो आणि तार जळण्यापासून वाचते. त्यासाठी तांबे थंडीत फार कमी रोधाचे हवे. खोलीच्या तापमानाचा रोध आणि अतिसंवाहक होण्याच्या जरा वरच्या थंडीतला रोध यांचे गुणोत्तर ईटरच्या तारेत किमान 100, तर सर्नच्या त्या नव्या चुंबकांत किमान 150 मागितले गेले. तंतू आणि हे तांबे यांच्यामध्ये नायोबियमचा किंवा टँटलमचा पडदा असतो. भट्टीत तास वाढवत गेलो की संयुग अधिक होते आणि प्रवाह वाढतो, पण कथील तो पडदाही खात जाते. एकदा का पडद्याला भोक पडून कथील बाहेरच्या तांब्यात मुरले की ते गुणोत्तर कोसळते. शेवटच्या पायरीचे तास वाढवावेत की नाहीत यावर आमच्याकडे तासन् तास चर्चा होत असे. माझे मत नेहमी कमी तासांच्या बाजूने असे. प्रवाह पाच टक्के कमी मिळालेला चुंबक चालतो, तांबे बिघडलेला चुंबक मात्र भरवशाचा राहत नाही.

हेलियमची टाकी, धुळे

वरच्या चर्चेत थोडी भर घालतो. मी रुग्णालयांतल्या एमआरआय यंत्रांच्या देखभालीचे काम करतो आणि खानदेशात माझे फिरणे असते. आपल्या जिल्ह्यांत जी दीड टेस्लाची यंत्रे आहेत, त्यांच्या चुंबकांत नायोबियम-टायटॅनियमचीच तार असते. दीड टेस्लाला नायोबियम-कथिलाची गरज पडत नाही, आणि तयार तार गुंडाळता येणे ही फार मोठी सोय आहे. तिच्यावर इनॅमलच्या जातीचे लेपनही चालते, कारण नंतर भट्टी नसते. साडेसहाशे अंशांना कोणतेही इनॅमल टिकत नाही. म्हणून नायोबियम-कथिलाच्या वेटोळ्यात काचतंतूंचे वेष्टण घालतात आणि भट्टीनंतर निर्वातात राळ भरतात. काचतंतूंवर कारखान्यात लावलेले तेलकट लेपन आधी काढले नाही, तर ते भट्टीत जळून त्याचा कार्बन वेढ्यांमध्ये राहतो आणि इन्सुलेशन कमजोर होते.

उष्णतेचा धोका आमच्या कामातही असतो, तो सांध्यांपाशी. या तारांची टोके जोडताना भोवतालचे तांबे काढून उघडे तंतू शिसे-बिस्मथच्या, कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रणात बुडवतात. तेथे घाईने डाग देण्याचा दिवा लावला, तर ताईंनी सांगितलेल्या त्या नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्या तेवढ्या जागेपुरत्या बिघडतात. संपूर्ण चुंबकात तीच जागा सर्वांत कच्ची ठरते.

तांबेतार, जळगाव

आपण तिघांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. केळीचे उदाहरण मी भाच्याला फोनवर सांगितले, त्यालाही ते आवडले. सर, आपला वीज जाण्याचा प्रसंग वाचून मी दुसऱ्याच दिवशी आमच्या भट्टीचा नियंत्रक वीज परत आल्यावर काय करतो ते पाहिले. आमचा जिथे थांबला तिथूनच पुढे जातो, हे पाहून बरे वाटले.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आमच्या भट्टीत आम्ही अमोनिया फोडून मिळणारा हायड्रोजन-नायट्रोजनचा वायू वापरतो, त्याने तांबे काळे पडत नाही. ऑक्सिजनचा अंश असलेले तांबे मात्र त्यात चालत नाही. हायड्रोजन आत शिरून वाफ करतो आणि तार मोडायला लागते, हा धडा आम्ही फार पूर्वी घेतला. नायोबियम-कथिलाच्या भट्टीत असा वायू का वापरत नाहीत? आणि दुसरे, जळगाव-धुळ्यातल्या एखाद्या लहान कारखान्याला या कामात काही वाटा उचलता येईल का? संपूर्ण तार बनवण्याची भाषा मी करत नाही.

शीतमापन, मूळ धुळे

भाऊ, वायूचे उत्तर नायोबियमच्या स्वभावात आहे. तापलेला नायोबियम हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन हे तिन्ही वायू अंगात घेतो आणि त्यांनी ठिसूळ होतो. म्हणून भट्टी निर्वात ठेवतात किंवा तीत अतिशुद्ध आर्गॉन फिरवतात. फिरता आर्गॉन उष्णता सारखी पसरवायलाही मदत करतो. आर्गॉनमध्ये ऑक्सिजनचा अंश राहिला तर तांबे काळवंडते. याउलट सगळे अगदी स्वच्छ असले तर एकमेकींना टेकलेल्या तारा एवढ्या काळात चिकटून एकजीव होऊ लागतात. ईटरच्या तारांवर सुमारे 2 मायक्रोमीटर जाडीचा क्रोमियमचा मुलामा देण्याचे हेच एक मोठे कारण होते.

दुसऱ्या प्रश्नावर माझे प्रामाणिक मत लिहिते. तंतूंची तार बनवणे लहान कारखान्याच्या आवाक्यात नाही, आणि त्याचे कारण स्वच्छतेत आहे. सर्नच्या मोठ्या प्रवेगकासाठी लागलेल्या 1.065 मिलिमीटरच्या एका तारेत जवळपास नऊ हजार तंतू होते आणि प्रत्येक तंतू 7 मायक्रोमीटरचा होता. सुरुवातीच्या जाड ठोकळ्यात सळया रचताना धुळीचा किंवा पोलादाच्या किसाचा एक खडा आत राहिला, तर तारेची जाडी कमी होताना तो खडा कमी होत नाही. तंतू त्याच्याएवढा बारीक झाला की तेथे तार तुटते. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्रात या तारांवर काम झालेले आहे, आणि ते आपल्यासारख्यांनी पाहण्यासारखे आहे.

पण तारेच्या बाहेर पुष्कळ काम असते. गुंडाळणीचे आणि भट्टीचे साचे गंजरोधक पोलादातच, फार काटेकोर मापात घडवावे लागतात, कारण भट्टीत वेटोळे आणि साचा दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि संयुग तयार होताना तार स्वतःही थोडी फुगते. साच्यात तेवढी जागा सोडली नाही तर तार दाबाखाली येते. काचतंतूंचे वेष्टण विणणे, ऑक्सिजनमुक्त तांब्याच्या पट्ट्या आणि जोडपट्ट्या बनवणे, ही कामेही बाहेरून करून घेतात. सातपुडा ओलांडला की इंदूर आहे. तेथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या पुढाकाराने सर्नच्या त्याच प्रवेगकासाठी शेकडो छोटे अतिसंवाहक सुधारक-चुंबक भारतातून गेले, आणि त्यांची गुंडाळणी भारतीय उद्योगांतच झाली. ईटरचे भलेमोठे शीतपात्रही (क्रायोस्टॅट) आपली तापी जेथे समुद्राला मिळते त्या सुरतजवळच्या हजिऱ्यात घडवले गेले. आपल्या नदीच्या एका टोकाला एवढे काम होऊ शकते, तर मधल्या जिल्ह्यांना त्यातले काहीच जमणार नाही असे मी मानत नाही. भाच्याकडून साच्यांची रेखाचित्रे कशी असतात ते आधी समजून घ्यावे, आणि मापातली सूट पाहून मगच ठरवावे.

तांबेतार, जळगाव

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. सरांनी लिहिल्याप्रमाणे मी आमच्या सर्वांत जाड बंडलाच्या आतल्या वेढ्यांत एक तापयुग्म खोवले आणि दुसरे बाहेरच्या वेढ्याला बांधले. भट्टीचा काटा 420 दाखवत होता तेव्हा बाहेरचा वेढा 410 ला होता आणि आतला 335 ला. आतला वेढा 400 ला पोहोचायला आणखी एक तास पन्नास मिनिटे लागली, आणि आम्ही तर आजवर काट्यावरूनच वेळ मोजत होतो. आता चढण निम्म्या वेगाने घेतो आणि आतले तापयुग्म पोहोचल्यावर घड्याळ लावतो. गेल्या अकरा बंडलांत आतला वेढा कडक निघालेला नाही. सर, तापयुग्माची तार बंडलातून काढताना दर वेळी तुटते. आपण ती कशी बांधत होतात, ते सवडीने कळवावे.

भट्टीजवळ, भुसावळ

तापयुग्म वेढ्यांत थेट खोवू नये. गुंडाळतानाच आतल्या थरात गंजरोधक पोलादाची एक बारीक नळी ठेवावी, तिचे तोंड बाहेर काढावे आणि तापयुग्म त्या नळीतून आत सरकवावे. नळीचे आतले टोक मात्र चेपून बंद करावे, नाहीतर वायूचा प्रवाह नळीतून वाहतो आणि काटा वेढ्याऐवजी वायूचे तापमान दाखवतो.